दहा फुटी लाकडी रेसिंग बोट: मनोरीच्या पडवीतल्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२४

उद्या नारळी पौर्णिमा. पाऊस अजून दीड महिना तरी आहे, तेवढ्यात कागदावरचं काम संपवायचं.

पडवी १६ बाय ९ फूट. तीन बाजूंनी फिरायला जागा हवी, म्हणून लांबी ३.०५ मीटर म्हणजे दहा फूट. चाइनपाशी (तळ आणि बाजू मिळतात त्या कडेला) जास्तीत जास्त रुंदी १.१२ मीटर, ट्रान्समपाशी (मागच्या उभ्या फळीपाशी) १.०२. बाजूची उंची ३३० मिमी. ट्रान्सम १२ अंश मागे कललेला.

तीन टेकूंचं हायड्रोप्लेन करायचं की साधा रनअबाउट (छोटी मोटरबोट), हा प्रश्न फार वेळ चालला नाही. हायड्रोप्लेन पुढच्या दोन स्पॉन्सनवर (बाजूंच्या टेकूंवर) आणि मागे प्रॉपेलरवर तरंगतं, खाली हवा कोंडते आणि बोट हलकी होते. सपाट तलावात ते उत्तम. मनोरीच्या खाडीत फेरीबोटीच्या लाटा असतात आणि कचराही. तिथे एक स्पॉन्सन आपटला की पुढचं सांगायला नको. २०१७ च्या मार्चमध्ये मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींची शर्यत झाली. त्या बोटी २८ फुटी, २५० एचपीच्या, खोल व्ही तळाच्या. ते गणित वेगळं. आपल्याकडे १५ एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (ट्रान्समवर लटकणारी मोटर) आहे, तेव्हा सपाट तळ आणि कमी वजन, एवढीच दोन हत्यारं.

तळाचा मागचा दीड मीटर लांबीत अगदी सरळ, रुंदीतही सपाट. त्याच्या पुढे व्ही हळूहळू वाढत नाळेशी (बोटीच्या पुढच्या टोकाशी) १४ अंश. पूर्ण वेगात बोट फक्त या मागच्या भागावर चालते, पुढचा भाग हवेत असतो. मागच्या भागात १-२ मिमीची चूकही जाणवते. तळ शेवटाकडे खाली वळला तर त्याला हुक म्हणतात. हुक मागची बाजू उचलतो, नाळ खाली दाबली जाते, स्टिअरिंग जड होतं आणि वेग पडतो. उलट शेवटाकडे तळ वर गेला तर रॉकर. मग पाणी मागच्या टोकाला खाली ओढतं, नाळ वर जाते, आपटते, परत वर जाते. यालाच पॉर्पॉइझिंग म्हणतात. पुढच्या नोंदींत बरीच कटकट या दीड मीटरबद्दलच असेल.

वजनाचा अंदाज. आयएस ७१० या भारतीय मानकाच्या मरीन प्लायची घनता ७२० किलो प्रति घनमीटर धरली. तळ ६ मिमी, २.८५ चौ. मी.: १२.३ किलो. बाजू ४ मिमी: ५.९. डेक ४ मिमी: ४.६. ट्रान्सम आणि मोटरची फळी: ७.१. चार फ्रेम ९ मिमीच्या, मोठी भोकं पाडून: ४.८. लांबीतल्या सगळ्या पट्ट्या देवदारच्या: ९.२. इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून होणारा गोंद) आणि काचकापड (फायबरग्लास) ९, हार्डवेअर ४, रंग ३. एकूण साठ किलो.

मोटर ३८, चालक ७२, पेट्रोल ५, लाइफ जॅकेट वगैरे ३ धरून पाण्यात १७८ किलो, म्हणजे ३९२ पौंड. क्राउचच्या सूत्राने (वजन आणि एचपीवरून वेगाचा अंदाज): ३९२ भागिले १५ एचपी, २६.१. त्याचं वर्गमूळ ५.११, त्याने स्थिरांकाला भागायचं. हलक्या रनअबाउटसाठी स्थिरांक १८० घेतला तर ताशी ३५ मैल, म्हणजे ५६ किमी. हा आकडा पाहून कोणी खूश होऊ नये. प्रॉपेलरचं गणित अजून व्हायचंय.

२४ ऑगस्ट

प्लाय. भायखळ्याचा मुस्तफा बाजार आणि रे रोड, दोन्हीकडे फिरून झालं. ‘मरीन’ म्हणून काहीही विकतात. आयएस ७१० चा शिक्का शोधायचा. आयएस ३०३ हा साधा प्लाय. तो बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) असला तरी किचनच्या कपाटाला ठीक, बोटीला नाही. शिक्क्यावरही पूर्ण भरवसा ठेवायचा नाही. दोन दुकानांतून हातभर तुकडे मागून आणले, दोन्ही शिक्क्याचे. रोज सहा तास उकळायचे, रात्रभर वाळवायचे, असं तीन दिवस केलं. एकाचा गोंद जसाच्या तसा राहिला. दुसऱ्याची कडा तिसऱ्या दिवशी पटाशीच्या टोकाने उघडली आणि आतल्या थरात बोटभर पोकळी निघाली. पोकळी म्हणजे तळावर लाट बसली की तिथेच भेग.

दुकानातच तपासायचं असेल तर रुपयाच्या नाण्याने सगळ्या शीटवर ठकठक करत जायचं. आवाज बदलला की ते शीट बाजूला. आणि प्रत्येक शीट काट्यावर. ४ मिमीचं आठ बाय चार साधारण साडेआठ किलो भरायला हवं. आम्हाला ८.२ पासून ९.४ पर्यंत मिळाली. हलकी घेतली.

एकूण खरेदी: ६ मिमीची दोन, ४ मिमीची तीन, ९ मिमीचं एक, १८ मिमीचं अर्धं.

१ सप्टेंबर

देवदार की साग? साग ६५० किलोच्या आसपास, देवदार ५५०. शिवाय सागाला तेल असतं, इपॉक्सी धरायला कुरकुर करते. चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसून लगेच लावावं लागतं. देवदारालाही थोडं तेल आहे, तिथेही पुसायचंच. मोडीचं जुनं सागवान मुंबईत छान मिळतं, पण आत खिळ्याचं डोकं लपलेलं असतं आणि रंध्याचं पातं जातं.

गाठ नसलेल्या, रेघा सरळ असलेल्या पट्ट्या निवडल्या. नमुन्याचा तुकडा ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन थांबेपर्यंत ठेवला. आधी ८४ ग्रॅम, नंतर ७१.५. म्हणजे ओलावा साडेसतरा टक्के. हे आज चिकटवलं तर उन्हाळ्यात सांधे उघडतील. पट्ट्यांमध्ये चिपा घालून थप्पी केली, वर ताडपत्रीचा तंबू, आत १०० वॉटचे दोन बल्ब आणि छोटा पंखा. १३ टक्क्यांखाली आल्याशिवाय हात लावायचा नाही.

८ सप्टेंबर

गणपती. काम बंद. लाकूड सुकतंय.

२१ सप्टेंबर

ओलावा १२.६. सुरुवात.

प्लायचे तिरके सांधे. दहा फुटांची बोट आणि आठ फुटांचं शीट, त्यामुळे सांध्याला पर्याय नाही. ६ मिमीला आठपट म्हणजे ४८ मिमीचा उतार. जोडायच्या दोन्ही शीट पायऱ्यांसारख्या ४८ मिमी मागे सरकवून एकावर एक, खाली सरळ फळी, आणि रंधा. प्लायचे थर इथे कामाला येतात. गोंदाच्या रेघा उतारावर दिसतात, त्या एकमेकींना समांतर आणि सरळ असल्या की उतार बरोबर. रेघ वाकली की तिथे रंधा जास्त चाललाय.

आधी दोन्ही तोंडांना नुसतं रेझिन, दहा मिनिटं पिऊ द्यायचं. कोरडं दिसलं तर परत. मग सिलिका घालून दह्यासारखं घट्ट केलेलं. दोन्ही बाजूंना पॉलिथिन, वर फळी, वर वजन. शिकंजा कचकचून आवळला की सगळा गोंद बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो. सांध्याच्या कडेची दोन बोटं रुंद पट्टी कापून गुडघ्यावर मोडली. सांध्याच्या बाजूला लाकूड मोडलं, सांधा टिकला. पास.

रेझिनचं प्रमाण वजनाने १०० ला १०. डोळ्यांनी मोजायचं नाही. ५० ग्रॅम रेझिनला ५ ग्रॅम हार्डनर लागतं. किचनच्या एक ग्रॅमच्या काट्याची चूक तिथेच वीस टक्के होते आणि थर कायम चिकट राहतो. सोनाराचा ०.१ ग्रॅमचा काटा घेतला.

२८ सप्टेंबर

घोडी. ७५ बाय ५० च्या दोन सरळ लाकडांची शिडी, बोट तिच्यावर उलटी उभी राहणार. पडवीची फरशी पावसाच्या पाण्याला बाहेर काढायला उतरती आहे, तीन मीटरमध्ये ३२ मिमी. स्पिरिट लेव्हल लहान पडते, म्हणून गवंड्याचा पाणी भरलेला लेव्हल पाइप. पाइपमध्ये एकही बुडबुडा नको, बुडबुडा असला की दोन टोकं खोटं बोलतात. मधून नायलॉनची दोरी ताणून मध्यरेषा, तिच्यावर ओळंबा सोडून फ्रेम.

फ्रेमच्या जागा ट्रान्समपासून ०.६०, १.२०, १.८० आणि २.४० मीटर. मागच्या दोन फ्रेमचा खालचा काठ तळापासून ३ मिमी मागे कापलाय. तळाचा प्लाय फक्त लांबीतल्या पट्ट्यांना टेकला पाहिजे, फ्रेमला नाही. फ्रेम टेकली की तिथे आडवा उंचवटा येतो. रंग चमकला की दिसतो आणि पाण्यालाही कळतो.

५ ऑक्टोबर

ऑक्टोबर हीट. पडवीत दुपारी ३५.

चाइनच्या पट्ट्या २० बाय ३२. पुढच्या वळणावर अख्खी पट्टी वाकवली तर मोडते. पहिली मोडलीच, तीही लाकडाची रेघ जिथे तिरकी बाहेर येते तिथे. आता १० मिमीच्या दोन पट्ट्या, मधे इपॉक्सी, जागेवरच वाकवून. रेघ पट्टीच्या कडेतून बाहेर पडताना दिसली तर ते टोक मागे ठेवायचं, वळणावर नाही.

एक मग जळाला. २०० ग्रॅमचं मिश्रण उभ्या मगमध्ये, सव्वीसाव्या मिनिटाला धूर आणि मग वितळून वाकडा. उष्णता बाहेर जायला जागा नसली की रेझिन स्वतःलाच तापवतं. साधारण दर दहा अंशांना वेळ निम्मा होतो. पुढे ८० ग्रॅमच्या वर एका वेळी कालवायचं नाही, आणि कालवलं की लगेच पसरट थाळीत ओतायचं.

१२ ऑक्टोबर

दसरा. रंधा, पटाशी, जिगसॉ, सगळ्यांना झेंडू.

१९ ऑक्टोबर

फेअरिंग. तळाचा प्लाय बसण्याआधी सगळ्या पट्ट्या आणि चाइन एका पातळीत आणायच्या. याला घाई केली की पुढचे दोन महिने वाया.

हत्यार म्हणजे गवंड्याची दोन मीटरची ॲल्युमिनियमची सरळपट्टी. आधी ती स्वतः सरळ आहे का, ते बघायचं. काचेवर एक रेघ मारायची, पट्टी उलटवून त्याच दोन टोकांतून परत रेघ. दोन्ही एक झाल्या तर सरळ. मग पट्टी तळाच्या पट्ट्यांवर लांबीत ठेवून पलीकडून टॉर्च. प्रकाशाची फट दिसली की फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं).

ट्रान्सम सोडून ठेवली तर पाचपैकी चार रेषांवर ०.३ च्या आत. पण ट्रान्समपर्यंत नेली की पाचही ठिकाणी पट्टी त्यावर टेकत होती आणि तिच्या पुढे ३०० मिमीवर दीड मिमी फट. कारण लगेच लक्षात आलं. ट्रान्सम १२ अंश कललेला आणि १८ मिमी जाड. खालची कडा काटकोनात कापली तर बाहेरचा कोपरा आतल्यापेक्षा ३.७ मिमी बाहेर राहतो, तो रंध्याने उतरवायचा असतो. आम्ही उतरवत होतो, पण २.२ वर थांबलो. या दीड मिमीवर प्लाय चढवला असता तर तळाला हुक तयार.

रंध्याला एका बाजूला सरळपट्टीचा आधार देऊन उतरवलं. आता सगळीकडे फीलरचं ०.२ चं पान जात नाही. चार तास गेले, पण हे प्लायच्या आधी सापडलं. नंतर सापडलं असतं तर चार दिवस.

२६ ऑक्टोबर

तळ. दोन तुकडे, मधे पठाणावर (तळाच्या मधल्या कण्यावर) जोड. तात्पुरते काळे ड्रायवॉल स्क्रू, प्रत्येकाखाली प्लायची चौकोनी गोटी, गोटीखाली पॉलिथिन. अंतर ७५ मिमी. मधल्या पट्ट्यांवर आधी, कडेला शेवटी, म्हणजे जादा गोंद बाहेर जातो.

हे स्क्रू बोटीत ठेवायचे नाहीत. काळा स्क्रू खाऱ्या हवेत वर्षभरात गंजतो आणि प्लायवर तपकिरी डाग फुटतो. दुसऱ्या दिवशी काढले, पाच अडकले. सोल्डरिंग आयर्नचं टोक डोक्यावर मिनिटभर धरलं, इपॉक्सी नरम झाली, निघाले. भोकं घट्ट मिश्रणाने भरली. कायमचे स्क्रू फक्त ट्रान्समला आणि नाळेला, नागदेवी स्ट्रीटवरून आणलेले ३१६ स्टीलचे. चुंबक घेऊन जायचं हा सल्ला अर्धवट आहे, ३०४ आणि ३१६ दोघांनाही ते जेमतेमच धरतं. बिलावर ग्रेड लिहून घ्यायचा.

९ नोव्हेंबर

दिवाळी आटोपली. तळाला काचकापड, २०० ग्रॅमचं साधं विणकाम, एक थर. तीन चौरस मीटर कापड ६०० ग्रॅम, भिजवायला तेवढंच रेझिन, वर विणकाम भरायला दोन हात. एकूण रेझिन १.९ किलो गेलं.

वेळ कोणती निवडायची, यावर वाद. पहाटे थंड असतं, मिश्रण जास्त वेळ टिकतं. पण पहाटेनंतर तापमान वाढत जातं, लाकडाच्या छिद्रांतली हवा फुगते आणि ओल्या थरातून बुडबुडे वर येतात. संध्याकाळी तापमान उतरत असतं, लाकूड रेझिन आत ओढून घेतं. म्हणून साडेपाचला सुरू, छोट्या मात्रा, दोन जण पसरवायला आणि एक फक्त कालवायला. बुडबुडे नाहीत.

कापड धारदार कोपऱ्यावर वळत नाही, उचलून येतं. म्हणून चाइन आणि ट्रान्समच्या कडा आधी ६ मिमी गोल केल्या. हा गोलवा नंतर भरून परत धार आणायची आहे. तो दिवस वेगळा ठेवायचा.

१० नोव्हेंबर

सकाळी तळावर मेणचट साय. दमट हवेत हार्डनरमधली अमाइन हवेतल्या कार्बन डायऑक्साइड आणि ओलाव्याशी मिळून ही साय धरते. त्यावर सरळ सँडपेपर फिरवला तर ती घासून आत जाते आणि पुढचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. साधं पाणी आणि भांडी घासायचा हिरवा स्क्रबर, मग कापडाने कोरडं, मग ८० नंबर.

चाइनच्या दोन्ही कडा मागच्या दीड मीटरवर धारदार केल्या: कडेला पॅकिंग टेप बांधासारखी उभी लावून आत सिलिकाचं मिश्रण. पुढच्या भागात चाइन गोलच ठेवली, तिथे धार वळणावर पाण्यात अडकते.

१७ नोव्हेंबर

बोट सुलटी केली. चार माणसं, गाद्या, पाच मिनिटं.

आतून सगळ्या कोपऱ्यांना इपॉक्सीचे दोन हात. डेकखाली तरंगायला जागा हवी, थर्मोकोल वापरायचा नाही, पेट्रोल सांडलं की ते विरघळून चिखल होतो. दोन लिटरच्या तीस रिकाम्या बाटल्या, झाकणं घट्ट, जाळीत बांधून नाळेत आणि बाजूंना. साठ लिटर उचल, भंगारवाल्याच्या भावात.

२४ नोव्हेंबर

डेक बसला. वजन: दोन बाथरूम स्केल, एक नाळेखाली, एक ट्रान्समखाली. ६४ किलो, रंगाआधी. अंदाजापेक्षा रंग धरून सात किलो जास्त जाणार. तीन किलो इपॉक्सीत गेले, कारण कोपऱ्यातले भराव बोटाने ओढले, चमच्याने ओढून जादा काढायला हवं होतं. बाकी बहुतेक ट्रान्समच्या आतल्या गुडघ्यांत (कोपऱ्यातल्या आधारांत). ते कमी करायचे नाहीत, मोटर तिथेच लटकते.

७ डिसेंबर

टू-पॅक पॉलियुरेथेन, तळाला पांढरा. पाण्यात कायम ठेवायची नाही, त्यामुळे अँटीफाउलिंग (शेवाळ-शिंपले रोखणारा रंग) नाही. तळ चकाकवला नाही, ४०० नंबर लांबीत.

रंगाआधी तळाला ऑर्बिटल सँडरने शेवटचा हात मारला. (ही ओळ २५ डिसेंबरला परत वाचावी.)

१५ डिसेंबर

मोटर बसवली. ट्रान्समची उंची ३९५ मिमी, मोटरचा शाफ्ट १५ इंची म्हणजे ३८१. त्यामुळे कॅव्हिटेशन प्लेट (मोटरवरची, प्रॉपेलरच्या वरची आडवी पट्टी) तळाच्या १४ मिमी वर आली. हेच हवं होतं.

स्टिअरिंग ३ मिमी स्टीलच्या तारेचं, पुल्यांवरून, दोन्ही टोकांना स्प्रिंग आणि टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू). जमिनीवर तपासताना चाक डावीकडे फिरवलं, मोटरने बोट उजवीकडे नेली असती. ड्रमवर तारेचे वेढे उलटे पडले होते. पाण्यात हे कळायला एकच सेकंद मिळतो.

थ्रॉटल हातात दाबून धरायचा, सोडला की बंद. किल कॉर्ड (चालक पडला की मोटर बंद करणारी दोरी) चालकाच्या मनगटाला नाही, लाइफ जॅकेटला. डाव्या बाजूला, ट्रान्समपासून ९०० मिमीवर, ५ मिमी ॲल्युमिनियमचा स्किड फिन (तळाखालची उभी पट्टी), १२० मिमी खोल, कारण सपाट तळ वळणावर साबणासारखा घसरतो. वळणं डावीकडची घ्यायची ठरली, म्हणून फिन डावीकडे.

पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल ५०:१, पाच लिटरला १०० मिली. मेरिटाइम बोर्डाचे कागद वेगळ्या फायलीत.

२३ डिसेंबर, पहिली चाचणी

मार्गशीर्ष वद्य अष्टमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ: आठाची पाऊणपट सहा. अष्टमीला भांग असते, पाणी कमी चढतं-उतरतं, ओढ नाही. वाराही सकाळी पडलेला. चाचणीला याहून चांगली वेळ खाडीत मिळत नाही. हातगाडीवरून नेली, फेरीच्या मार्गापासून लांब, आत. सोबतीला एक होडी इंजिनसकट.

पाण्यात बसली ती थोडी मागे झुकून, अपेक्षित. ताशी १८ किमीला पाण्याच्या वर आली. ३० पर्यंत सुरेख. ३४ ला नाळ डोलायला लागली, ३६ ला आपटायला. ट्रिमची पिन (मोटरचा कल ठरवणारी) एक भोक आत घेतली: डोलणं कमी, पण स्टिअरिंग जड. दोनदा मोटरच्या तोटीतून बाहेर पडणारं कूलिंगचं पाणी थांबलं, दोन्ही वेळा कूलिंगच्या जाळीवर दुधाची पिशवी. पिशवी दिसली की लगेच बंद करायचं, पाण्याचा पंप मिनिटात भाजतो.

सर्वात चांगला आकडा: १० इंची पिचच्या (एका फेऱ्यात कागदावर १० इंच पुढे जाणाऱ्या) प्रॉपेलरवर ६१०० आरपीएम, जीपीएसवर ३८.५ किमी. गिअर २.०८ (इंजिनचे २.०८ फेरे, प्रॉपेलरचा एक), म्हणजे प्रॉपेलर मिनिटाला २९३३ फेरे. कागदी वेग ४४.७ किमी, घसर (कागदी आणि खऱ्या वेगातली तूट) चौदा टक्के.

२५ डिसेंबर

बोट उलटी, सरळपट्टी, टॉर्च. दीड मीटर सरळच आहे, ०.२ च्या आत. पण शेवटच्या ४० मिमीमध्ये पट्टीखालून प्रकाशाची पातळ पाचर, ट्रान्समच्या कडेला ०.७ मिमी. हाताचं बोट फिरवलं तर कडा नाण्याच्या काठासारखी गोल. डावीकडे जास्त.

दोन चुका एकमेकींवर बसल्या. नोव्हेंबरमध्ये चाइनच्या कडा धारदार केल्या, ट्रान्समची राहिली. आणि ७ डिसेंबरला ऑर्बिटल सँडर कडेवरून अर्धा बाहेर लटकत फिरला, त्याने उरलेलीही गोल केली. पाण्याने तळ सोडताना धारेवर तुटायला हवं. गोल कडेला ते चिकटून वर वळतं आणि ट्रान्सम खाली ओढतं. दीड मीटर जपला, शेवटची दोन बोटं सुटली.

२८ डिसेंबर

दुरुस्ती. ट्रान्समच्या कडेपासून ८० मिमी रंग उतरवला, ८० नंबरने इपॉक्सी उघडी. सरळ ॲल्युमिनियमचा अँगल पॅकिंग टेपने गुंडाळून ट्रान्समवर शिकंज्याने पकडला, तळापेक्षा मिलीमीटरभर वर. आतल्या कोपऱ्यात सिलिकाचं मिश्रण, टोकाच्या पत्र्याने ओढून. दुसऱ्या दिवशी ६०० मिमी लांब फळीवर सँडपेपर चिकटवून फक्त लांबीत घासलं. सँडर कपाटात. धार इतकी हवी की पेन्सिल कडेवरून ओढली तर साल निघेल. निघाली. त्यावर रंगाचा एकच पातळ हात, जाड रंग परत गोल होतो.

७ जानेवारी २०२५, दुसरी चाचणी

पौष शुद्ध अष्टमी, परत सहाची भरती. प्रॉपेलर १२ इंची.

डोलणं नाही. ३५, ४०, ४३, नाळ एका जागी. ट्रिमची पिन परत एक भोक बाहेर काढली तरी नाही. पाणी ट्रान्समवरून सपाट तुटत होतं, मागे काचेसारखं. ५६५० आरपीएम, ४४.६ किमी, घसर दहा टक्के. मोटरखाली १२ मिमीची पट्टी घालून उचलली: ४६. वीस मिमी उचलल्यावर सरळ ठीक, पण डाव्या वळणावर प्रॉपेलरने हवा ओढली, आरपीएम एकदम वर. परत १२.

५६ किमी या गिअरने होणार नाही. १५ टक्के घसर धरली तर ५५०० ला साधारण १६.४ इंच पिच लागतं, या मोटरच्या लहान प्रॉपेलरांत तेवढं मिळत नाही. रेसिंगचं खालचं युनिट एकास एकच्या जवळच्या गिअरचं असतं ते याचसाठी. एचपी पुरते, फेरे पुरत नाहीत.

परत आल्यावर गोड्या पाण्याने दहा मिनिटं मोटर चालवली. हातगाडीवर बोट दोन रबरी पट्ट्यांवर आडवी ठेवलेली होती. त्यांतली मागची बरोबर ट्रान्समपासून ३०० मिमीवर येत होती. सगळं वजन तळाच्या, खाली फ्रेम नसलेल्या प्लायवर. ती आज ट्रान्समखाली सरकवली, पुढची १.८० च्या फ्रेमखाली. सरळपट्टी लावून पाहिली: ०.२.